तिसरा महिना सरताना



स्मृतिव्याख्यानासाठी वक्ते सहसा भारदस्त विषय निवडतात. आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. इतका, की तो चारचौघांत काढायचा नाही असाच आपल्याकडे दंडक आहे. गरोदरपणाचे पहिले तीन महिने संपत येतात तेव्हा काय होतं आणि त्या सुमाराला बाईने, तिच्या घराने आणि दवाखान्याने काय धरून चालावं, याविषयी मी बोलणार आहे. ‘तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नका’ हे वाक्य कधीच उच्चारलं गेलं नाही असं मराठी घर विरळा. गावातल्या माजघरात ते ऐकू येतं, शहरातल्या दोन खोल्यांत ऐकू येतं, आणि परदेशी स्थायिक झालेल्या लेकीशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलवरही. या वाक्यात एक शहाणपण आहे आणि एक घोटाळा आहे, असं माझं म्हणणं आहे. घोटाळा असा, की बातमी झाकता झाकता आपण गर्भारपणच झाकून टाकतो. बातमी उशिरा फुटली तर कुणाचंच काही बिघडत नाही. नोंद, तपासण्या आणि निर्णय उशिरा झाले तर मात्र बिघडतं, कारण त्यांतल्या बऱ्याच गोष्टींची मुदत नेमकी तिसरा महिना सरताना संपते.

आधी शहाणपण पाहू. पाळी चुकल्यावर, तपासणी करून जी गरोदरपणं निश्चित होतात, त्यांपैकी शंभरात दहा ते वीस टिकत नाहीत. आणि जी टिकत नाहीत त्यांतली साधारण ऐंशी टक्के पहिल्या तीन महिन्यांतच जातात. दहाव्या आठवड्यानंतर सोनोग्राफीत हृदयाचे ठोके नीट दिसले आणि अंगावरून जात नसलं, तर गर्भ पडण्याची शक्यता उतरत उतरत शंभरात एक-दोनावर येते. आकडेवारी अलीकडची, पण हा उतार बायकांना आकड्यांवाचूनही ठाऊक होता. तिसऱ्या महिन्यात भरायची चोरओटी हा त्याचा पुरावा. घरातल्या दोन-चार बायका, हिरवा खण, नारळ, तांदूळ, आणि शेजारणीला पत्ता लागू द्यायचा नाही. डोहाळजेवण मात्र पुढे सातव्यात, गाणी म्हणत, फुलांच्या वाडीत बसवून. म्हणजे परंपरेने बातमीला दोन टप्पे ठेवले होते: जिने सांभाळायचं आहे तिला आधी कळावं, गावाला मागाहून. घरातल्या जाणत्या बाईचं पोटुशीच्या खाण्यापिण्याकडे, उचलण्या-वाहण्याकडे लक्ष असे. आज विभक्त घरात ती जाणती बाई उरलेली नाही आणि गुप्तता तेवढी शिल्लक आहे. परंपरेतलं सगळंच उचलण्याजोगं नाही, हेही सांगून टाकतो. गृह्यसूत्रांनी साधारण याच महिन्याच्या आसपास पुत्रप्राप्तीसाठी पुंसवन संस्कारही सांगितला आहे.

‘तीन महिने’ हा आकडा शरीरातही खरा आहे, आणि त्याची कारणं फार उद्बोधक आहेत. बीजकोशातून बीज सुटल्यावर तिथे एक पिवळसर गाठ उरते. पहिले काही आठवडे प्रोजेस्टेरॉन पुरवून गर्भाशयाचं अस्तर टिकवण्याचं काम ती करते. आर्पाद चापो या हंगेरियन वंशाच्या संशोधकाने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की ही गाठ सातव्या आठवड्याआधी काढली तर गर्भ पडतो. नवव्यानंतर काढली तर तो टिकू शकतो. मधल्या काळात वारेने तो कारभार हाती घेतलेला असतो. त्याहून नवलाची गोष्ट रक्ताची. पहिले दोन-अडीच महिने आईचं रक्त वारेत मोकळेपणी शिरतच नाही. गर्भाशयाच्या नागमोडी रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी वारेच्याच पेशींची बुचं बसलेली असतात. तेवढा काळ गर्भ गर्भाशयाच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या स्रावावर वाढतो आणि अगदी कमी प्राणवायूत राहतो. अवयवांची घडण चालू असताना जादा प्राणवायू कोवळ्या पेशींना सोसत नाही, अशी त्याची उपपत्ती एरिक जोनियो आणि ग्रॅहम बर्टन या शास्त्रज्ञांनी मांडली आहे. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमाराला ही बुचं विरघळतात, आईचं रक्त वारेत खेळू लागतं आणि तिथला प्राणवायूचा दाब सुमारे तिपटीने वाढतो. तेव्हा तिसरा महिना सरणं म्हणजे संकट टळणं, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. त्या वेळी खरं तर वारेची पुढच्या सहा महिन्यांची नोकरी सुरू होत असते, आणि ती नोकरी नीट होणार की नाही याची पहिली चिन्हं तेव्हाच दिसू लागतात.

बाईला यातलं काही जाणवत नाही. तिला जाणवते ती मळमळ. गरोदर बायकांपैकी सत्तर-ऐंशी टक्के जणींना ती कमी-अधिक होते. फोडणीचा वास, कुकरची वाफ, नवऱ्याच्या शर्टाचा वास, कशानेही पोटात ढवळून येतं. ‘सकाळच्या उलट्या’ म्हणण्याची पद्धत असली तरी त्यांना वेळकाळ नसतो. हे मनाचे खेळ आहेत असं डॉक्टरांनीही बायकांना वर्षानुवर्षं ऐकवलं. 2023 च्या अखेरीस ‘नेचर’ या नियतकालिकात मार्लेना फेझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन आलं. गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात येणारं जीडीएफ-15 नावाचं संप्रेरक मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला डिवचतं. आणि गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते फार थोडं असतं त्यांना त्याचा त्रास जास्त होतो. फेझो यांनी स्वतः हा त्रास अत्यंत तीव्र स्वरूपात सोसला होता. बहुतेकींची मळमळ बारा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान ओसरते, काहींची विसाव्यापर्यंत रेंगाळते. एखादी सकाळी उठते आणि मळमळ अजिबात नाही, तर तिच्या पोटात धस्स होतं. नुसतं मळमळणं थांबलं म्हणून गर्भाला काही झालं असा अर्थ होत नाही; या आठवड्यांत ती थांबायचीच असते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीच्या इच्छा चौथ्या महिन्यात प्रबळ होतात असं सांगितलं आहे. तोंडाची चव परत येण्याचा काळ तोच.

इतरही बदल याच सुमाराला होतात. सारखी लागणारी झोप आणि गळून गेल्यासारखं वाटणं कमी होतं. गर्भाशय ओटीपोटाच्या हाडावर चढू लागतं, बाराव्या आठवड्यात डॉक्टरांच्या बोटांना ते हाडाच्या जरा वर लागतं. त्यामुळे मूत्राशयावरचा भार घटतो आणि रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. जांघेत मधूनच चमक मारते, बद्धकोष्ठ होतो, चटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिलटकरणीचं पोट अजून दिसत नाही. गर्भ डोक्यापासून बुडापर्यंत साडेपाच-सहा सेंटिमीटरचा झालेला असतो, नाळेत उतरलेली त्याची आतडी पोटात परत गेलेली असतात, तो हातपाय झाडत असतो. पण ते आईला कळायला पहिल्या खेपेस अठरावा-विसावा आठवडा उजाडतो. डॉपलरवर ठोके ऐकू येतात. दिवसभर पाण्याचा घोटही न ठरणं, ताप, लघवीला जळजळ, कळा येऊन भळभळ रक्त जाणं, भोवळ येऊन पडणं, यांतलं काहीही झालं तर मात्र तीन महिने पुरे होण्याची वाट पाहायची नसते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. नुसते डाग दिसणं त्यामानाने बरंच सर्रास आहे. साधारण चौघींपैकी एकीला ते दिसतात आणि त्यांतल्या अनेकींचं बाळंतपण सुखरूप होतं. तरीही ते डॉक्टरांच्या कानावर घालायचेच.

आता घोटाळ्याकडे. त्यातला पहिला भाग मोजणीचा आहे. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. घरी पुष्कळदा पाळी चुकल्यापासून मोजतात. दोन्हींत चार आठवड्यांचा फरक पडतो. ‘तिसरा सरला, आता दाखवून येऊ’ म्हणून एखादी सासू सुनेला घेऊन येते तेव्हा डॉक्टरांच्या हिशेबाने सतरावा आठवडा चालू असतो. एनटी स्कॅन म्हणून ओळखली जाणारी सोनोग्राफी होते अकरा आठवड्यांपासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत, गर्भाची लांबी 45 ते 84 मिलिमीटर असताना. गर्भाच्या मानेमागच्या कातडीखाली द्रव साठलेला असतो, त्याची जाडी यात मोजतात. लंडनमध्ये काम करणाऱ्या किप्रोस निकोलायडिस यांनी 1992 मध्ये तिचा गुणसूत्रांच्या दोषांशी असलेला संबंध दाखवून दिला. पुढे तो द्रव ओसरतो, आणि चौदावा आठवडा उलटल्यावर हे माप अर्थहीन होतं. याच वेळच्या सोनोग्राफीत दिवसांचा हिशेब पाच-सात दिवसांच्या फरकाने नक्की करता येतो; पुढे गर्भ आपापल्या चणीने वाढतात आणि तसा अंदाज बांधता येत नाही. नवव्या महिन्यात ‘तारीख उलटली का?’ या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या महिन्यातल्या कागदावर असतं. जुळी असतील तर दोघांची वार एक की वेगळी हेही आत्ताच स्पष्ट दिसतं. एकाच वारेवरच्या जुळ्यांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत जाण्याचा धोका असतो, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवण्याची पद्धतच निराळी.

दुसरा भाग वारेचा. आईचा रक्तदाब चढून तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेतणाऱ्या विकाराचं मूळ बरेचदा याच आठवड्यांत असतं: नागमोडी रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत. लक्षणं दिसतात सातव्या-आठव्या महिन्यात, तोवर मूळ दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्री’ नावाच्या चाचणीत, तपासण्यांवरून जोखीम जास्त आहे असं ठरलेल्या स्त्रियांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. सदतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण करायला लावणारा हा विकार औषध न मिळालेल्या गटात 4.3 टक्के होता, मिळालेल्या गटात 1.6 टक्के. ही गोळी ज्याने त्याने दुकानातून आणून घ्यायची नाही. कुणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतात. मुद्दा एवढाच, की सोळाव्या आठवड्यानंतर सुरू केली तर तिचा गुण फारसा येत नाही. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्या बाईचा रक्तदाब डॉक्टर मोजू शकतात, हे मात्र करू शकत नाहीत.

तिसरा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. नंदुरबार आणि गडचिरोली जिल्ह्यांत आणि विदर्भाच्या इतर अनेक भागांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आता दिवसांचा हिशेब करा. आधी बाईचं रक्त तपासायचं, त्याचा अहवाल यायचा. ती वाहक निघाली तर नवरा कामावरून परत यायची वाट पाहायची, त्याचं रक्त, त्याचा अहवाल. दोघेही वाहक, तर समुपदेशन, मग मोठ्या शहरात जाऊन अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा कण किंवा सोळाव्याच्या सुमाराला गर्भजल तपासायचं, पुन्हा अहवाल, आणि त्यानंतर त्या दोघांचा निर्णय. साखळी आठव्या आठवड्यात सुरू झाली तर पुरी होते. अठराव्यात सुरू झाली तर कायद्याच्या उंबरठ्याशी येऊन थबकते. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती. 2008 मध्ये गर्भाच्या हृदयात दोष आहे असं उशिरा कळलेलं एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि त्यांना परवानगी नाकारली गेली. कायदा बदलायला 2021 उजाडलं: आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक परिस्थितीत चोवीसपर्यंत दोघांचं, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळ. पण कायद्याने मुदत वाढवली म्हणून पाचव्या महिन्यातला निर्णय तिसऱ्या महिन्यातल्या निर्णयाइतका सोपा होत नाही, शरीराला आणि मनालाही.

गोळ्यांच्या बाबतीत तर आपण आधीच उशीर केलेला असतो. गर्भाच्या पाठीच्या कण्याची नळी शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या सुमाराला मिटते. आधीच्या बाळात हा दोष असलेल्या स्त्रियांना गरोदरपणाआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं तर तो पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटतं, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1991 मध्येच दाखवलं. तिसऱ्या महिन्यात ती गोळी सुरू करण्याने कण्याच्या दृष्टीने काही साधत नाही. ती लग्नाच्या बोलण्यांबरोबर सुरू व्हायला हवी, असं म्हटलं तर लोक हसतात. पुढच्या गोळ्यांचा मुहूर्त मात्र हाच. लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, कॅल्शियम वेगळ्या वेळी, आणि जंताची एक गोळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली होतं. आठवर आलेलं हिमोग्लोबिन तिसऱ्या महिन्यात कळलं तर गोळ्यांनी चढवता येतं. आठव्यात कळलं तर सलाइनमधून लोह, नाहीतर रक्ताची बाटली. त्याच पाहणीत पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या मातांचं प्रमाण 70 टक्के आहे. उरलेल्या तीस टक्क्यांत गरिबी, अंतर, दुर्लक्ष हे सगळं आहे. त्यात ‘एवढ्यात नको’ हेही आहे.

यावर आक्षेप येतात. आमच्या आज्या-पणज्यांनी यातलं काही न करता दहा-दहा बाळंतपणं केली, हा त्यांतला लोकप्रिय. त्या दहांतली किती मुलं हाताशी आली आणि किती आज्या अकराव्या खेपेला गेल्या, एवढं विचारलं की तो मिटतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. खासगी दवाखान्यांत तपासण्यांची पॅकेजं विकली जातात, आणि बाई घाबरून घरी येते. हे खरं आहे. ‘डबल मार्कर’ या रक्ततपासणीच्या कागदावर ‘1:180 – हाय रिस्क’ अशी ओळ लाल अक्षरात येते, आणि त्या रात्री घरात कुणी जेवत नाही. तिचा अर्थ असा, की असा आकडा आलेल्या 180 जणींपैकी 179 जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. एनटी आणि डबल मार्कर मिळून अशा बाळांपैकी सुमारे 85 ते 90 टक्के हेरली जातात, आणि त्यासाठी निरोगी बाळं असलेल्या पाच टक्के आयांनाही धाक बसतो. ही चाळणी आहे, निदान नाही. हे समजावून सांगायला डॉक्टरला दहा मिनिटं लागतात आणि ती न देणं हा त्याचा दोष आहे. त्यावरचा उपाय तपासणी न करणं हा नव्हे. अपंगत्वाच्या चळवळीतले लोक याहून खोल प्रश्न विचारतात: ही चाळणी नको असलेली माणसं गाळण्यासाठीच नाही का? मला हा प्रश्न झटकता येत नाही. म्हणूनच गुणसूत्रांची चाळणी ऐच्छिक असावी, ‘नको’ म्हणणारीला कुणी अडाणी ठरवू नये, आणि बीपी, लघवी, साखर, रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ-ब या तपासण्यांची गल्लत तिच्याशी करू नये. या तपासण्या आईसाठी आहेत आणि सरकारी आरोग्यसेवेत त्या फुकट होतात. साखरेसाठी तर उपाशीपोटी येण्याचीही अट नाही: 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि दोन तासांनी रक्तातली साखर पाहायची; 140 किंवा त्यापुढे गेली तर मधुमेहाचे उपचार.

लवकर सोनोग्राफी म्हणजे लिंगनिदानाला आमंत्रण, असंही कुणी म्हणेल. महाराष्ट्राने त्याविरुद्धचा कायदा 1988 मध्ये, देशात सर्वांत आधी केला. केंद्राचा 1994 मध्ये आला. तरी 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. हे पाप सोनोग्राफीच्या वेळापत्रकाने होत नाही. ते करणारे पाचव्या महिन्यातही करत होते, आणि गुप्ततेचा सर्वांत मोठा फायदा त्यांनाच होता. आशाताईच्या वहीत आठव्या आठवड्यात नोंदलेलं गर्भारपण नाहीसं झालं तर ते निदान कुणाच्या तरी लक्षात येतं.

राहिला सर्वांत नाजूक आक्षेप. सांगितलं आणि मग पडलं तर? ज्यांना आनंदाने सांगितलं त्यांनाच रडत सांगायचं? या भीतीचा मान राखायला हवा, आणि म्हणूनच बातमी जगाला कधी सांगायची हा निर्णय सर्वस्वी तिचा. पण न सांगण्याची किंमतही मोजली पाहिजे. लवकर पडलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. ते कुणाच्या चुकीने जात नाहीत. ही गोष्ट घरोघर घडते, पण प्रत्येक घरात दडपली जाते, म्हणून प्रत्येकीला वाटतं आपल्याच नशिबी. मग कारण शोधलं जातं, आणि ते नेहमी तिच्यातच सापडतं: पपई खाल्ली, जिना चढली, स्कूटर चालवली, ऐकलं नाही. डाग दिसताच ‘बेड रेस्ट’ सांगण्याची पद्धत याच विचारातून टिकून आहे. अंथरुणाला खिळल्याने गर्भ वाचतो असं अभ्यासांतून दिसलेलं नाही; पण उठली म्हणून गेलं, असं म्हणायची सोय त्याने होते. आणि गुप्तता वैद्यकीयदृष्ट्याही अंगाशी येते. रक्तगट निगेटिव्ह असलेल्या बाईचा गर्भ बारा आठवड्यांनंतर पडला तर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं असतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका. जिची नोंदच झाली नाही तिचा रक्तगट कुणाला ठाऊक असणार?

नोकरीच्या ठिकाणी न सांगण्यामागे दृष्ट लागण्याची भीती नसते, साहेबाची असते. बढती जाईल, प्रकल्प दुसऱ्याकडे जाईल, कंत्राट पुढे वाढणार नाही. कायदा शेवटच्या महिन्यांकडे पाहतो: 2017 पासून पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, जड काम न देण्याची तरतूद बाळंतपणाच्या आधीच्या आठवड्यांपुरती आहे. उलट्यांनी बेजार झालेल्या तिसऱ्या महिन्याचा त्यात थेट उल्लेख नाही. तरी दोन कलमं उपयोगी आहेत. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत, आणि गर्भ पडला तर त्या दिवसानंतर सहा आठवडे, पगारी रजा दिली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती ठेवली आहे. फार थोड्या बायकांना हे माहीत असतं, आणि मागायला गेलं तर पुरावा लागतो. पुरावा म्हणजे दवाखान्याचा कागद.

कायदा ज्यांच्यापर्यंत पोचतच नाही त्यांची तिमाही कशी जाते, ते मराठवाड्यात पाहावं. दिवाळीच्या आगेमागे बीडहून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल दोघांच्या नावावर घेतलेली. एक दिवस बसलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. निघताना पाळी नुकतीच चुकलेली असेल तर बारावा आठवडा फडात उजाडतो, डोक्यावर मोळी असताना. गावच्या आशाताईच्या यादीत ती नसते, कारण निघताना सांगितलेलं नसतं. कारखान्याच्या परिसरातल्या आशाताईच्या यादीत नसते, कारण ती तिथली नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टरांची मोफत तपासणी 2016 पासून सुरू आहे, पण ती दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीसाठी. मुकादमाला सांगावं तर पुढच्या हंगामाची उचल कमी मिळेल, म्हणून तिथेही ती गप्प राहते. निघण्याआधीच्या पंधरवड्यात गावातल्या प्रत्येक जोडप्याला विचारून पाळी चुकलेल्या बाईची तपासणी करणं, तिच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड देणं आणि ते कार्ड कारखान्याच्या गावच्या उपकेंद्रात चालेल अशी व्यवस्था लावणं, एवढं काम आरोग्य खात्याला अशक्य नाही. गर्भ पडल्यावरच्या सहा आठवड्यांच्या पगारी रजेचं मात्र तिथे काय करायचं, याचं उत्तर आरोग्य खात्याकडे नाही. ती रजा मालकाने द्यायची असते, आणि तोडणीवाली बाई मुकादमाच्या कराराने आलेली असल्यामुळे कारखान्याच्या हजेरीपटावर तिचं नावच नसतं.